जिताड्याचं खाद्य: स्टर्जनचे धडे आपल्याला कितपत लागू, आणि पूरक द्यायचं ते नेमकं कशासाठी?

पाणथळ | २ नोव्हेंबर, सकाळी ९:१०

जिताडा (मालवणाकडचा चोणक) तळ्यात नाहीतर खाडीतल्या पिंजऱ्यात वाढवणाऱ्यांच्या गटांत सध्या स्टर्जन माशाच्या खाद्यप्रयोगांची भाषांतरं फिरतायत. तोच तो, कॅविअरवाला (कॅविअर म्हणजे त्याची खारवलेली गाभोळी). त्यातली तीन वाक्यं लोकांना सुभाषितासारखी पाठ झाली आहेत: प्रथिन ४० टक्के पुरे, क जीवनसत्त्व खाद्यात नसलं तरी वाढ अडत नाही, आणि पिठूळ माल थोडा जास्त झाला तरी मासा निभावून नेतो.

ही तिन्ही आपल्याकडे चालतील का, हा पहिला प्रश्न. दुसरा, ओली तारली (सार्डीन) की सुकी गोळी? तिसरा, दुकानात 'ग्रोथ'च्या नावाखाली मिळणाऱ्या बाटल्या-पुड्यांतलं काय घ्यावं आणि काय फळीवरच राहू द्यावं?

आकडे देऊन लिहा. नुसतं "भरपूर प्रथिन द्या" असं लिहिणाऱ्याला तारलीचं डोकं बक्षीस. :)

गलबत्या | २ नोव्हेंबर, सकाळी ११:४२

तिन्हींत घातक वाक्य क जीवनसत्त्वाचं, म्हणून आधी तेच.

स्टर्जन फार जुन्या घराण्यातला मासा. क जीवनसत्त्व तयार करायला लागणारं विकर (एन्झाइम) त्याच्या मूत्रपिंडात अजून शाबूत आहे, त्यामुळे लागेल तेवढं क तो स्वतःच बनवतो. खाद्यातून काढून टाकलं तरी त्याचं वजन वाढत राहतं ते यामुळे. जिताड्याकडे हे विकर नाही, जसं ते माणसाकडेही नाही. त्याच्या खाद्यातून क काढलं की काही आठवड्यांत बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) खाणं टाकते, कल्ले नाजूक होऊन रक्त येतं, पोहताना तोल जातो आणि कणा वाकतो. वाकलेला कणा नंतर पोतंभर क घातलं तरी सरळ होत नाही. स्टर्जनवरचा प्रयोग चुकीचा नाही, तो फक्त दुसऱ्या माशाचा आहे.

गरज किती? फॉस्फेटला बांधलेलं टिकाऊ क असेल तर किलो खाद्याला २५ ते ३० मिलिग्रॅम पुरतं. साठवणुकीत गळती होते म्हणून व्यवहारात १०० ते २०० ठेवतात. औषधाच्या दुकानातलं साधं अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घालाल तर हवा, उष्णता आणि प्रिमिक्समधलं (जीवनसत्त्व-खनिजांच्या तयार मिश्रणातलं) तांबं-लोखंड मिळून त्यातलं बरंचसं गोळी वाळेपर्यंतच संपवतात.

दुसरं, तेल. स्टर्जन वनस्पतीतल्या ओमेगा-३ पासून लांब साखळीची मेदाम्लं काही प्रमाणात तयार करू शकतो. जिताड्याला ते जवळपास जमत नाही. जवसाचं तेल घालून 'ओमेगा दिलं' असं समाधान मानू नका. ईपीए आणि डीएचए ही लांब साखळीची मेदाम्लं तयार स्वरूपातच, म्हणजे माशाच्या तेलातून, खाद्याच्या १ ते १.५ टक्के जायला हवेत.

पिठाचंही तसंच. जिताडा पक्का मांसाहारी, रक्तातली साखर उतरवायला त्याला वेळ लागतो. स्टार्च २० टक्क्यांच्या वर गेलं की यकृत फुगतं.

आणि खाण्याची रीतच निराळी. स्टर्जन तळ चाचपत फिरतो, मिशांनी अंदाज घेतो आणि बोळक्या तोंडाने सावकाश ओढतो, म्हणून त्याची गोळी बुडणारी आणि पाण्यात बराच वेळ न सुटणारी लागते. जिताडा मधल्या थरात दबा धरून राहतो आणि गोळी खाली जाता जाता गिळतो. तळाला टेकलेली गोळी तो सहसा उचलत नाही, ती तळ्याचा गाळ वाढवते.

मचवा७७ | २ नोव्हेंबर, दुपारी १:०५

मग स्टर्जनच आणला कोकणात तर? कॅविअरचा भाव बघा.

गलबत्या | २ नोव्हेंबर, दुपारी १:३०

त्याला १८ ते २२ अंशांचं पाणी मानवतं. आपल्या खाड्या वर्षातला बराच काळ २६ ते ३१ वर. पाणी थंड करायचं विजेचं बिल कॅविअरच्या आधी येईल, कारण मादी गाभोळी द्यायला कित्येक वर्षं घेते. शिवाय परदेशी मासा आणायला केंद्राची परवानगी लागते. विषय संपला, जिताड्यावर या.

पेंडवाला | २ नोव्हेंबर, रात्री ९:२०

वजनाप्रमाणे खाद्य कसं बदलतं ते लिहितो. पाणी २७ ते ३० अंश आणि विरघळलेला प्राणवायू लिटरला ५ मिलिग्रॅम धरलाय.

२ ते १० ग्रॅमच्या बोटुकलीला प्रथिन ४८–५० टक्के, चरबी १०–१२. गोळी १.२ ते १.८ मिलिमीटर. दिवसाला अंगच्या वजनाच्या ८ ते ६ टक्के, चार-पाच वेळा विभागून. १० ते ५० ग्रॅमला प्रथिन ४५–४८, गोळी २–३ मिलिमीटर, ६ ते ४ टक्के, तीन वेळा. ५० ते २०० ग्रॅमला प्रथिन ४३–४५, चरबी १२, गोळी ४ मिलिमीटर, ४ ते ३ टक्के, दोन वेळा. ५०० ग्रॅमपर्यंत प्रथिन ४०–४३, चरबी १२ ते १५, गोळी ६ मिलिमीटर, अडीच ते दोन टक्के. त्यापुढे गोळी ८–१० मिलिमीटर आणि दीड ते एक टक्का.

पण नुसता प्रथिनाचा आकडा बघू नका, प्रथिन आणि ऊर्जा यांची जोडी बघा. चरबी कमी पडली की मासा महागडं प्रथिन जाळून ऊर्जा काढतो आणि अमोनिया तुमच्याच पाण्यात सोडतो. चरबी फार झाली तर ऊर्जेने पोट लवकर भरतं, प्रथिन पुरेसं जात नाही, आणि आतड्याभोवती चरबीची पिवळी झालर चढते. गिऱ्हाईक मासा साफ करताना ती बघतं आणि पुढच्या वेळी भाव पाडतं. ५० ते ५०० ग्रॅमच्या माशाला खाद्यातल्या ऊर्जेच्या दर मेगाज्यूलमागे २२ ते २५ ग्रॅम प्रथिन हे बऱ्यापैकी सुरक्षित. लहानाला त्याहून जास्त.

अजून एक. बोटुकली १०–१५ सेंटिमीटरची होईपर्यंत दर ७ ते १० दिवसांनी आकारवारी (लहान-मोठे वेगळे करणं) केलीच पाहिजे. जिताडा स्वतःच्या लांबीच्या साधारण ६० टक्के लांबीचा भाऊ गिळतो. तळ्यात 'खाद्याने वाढलेले' दोन-चार दांडगे दिसतात ते पुष्कळदा भावंडांवर वाढलेले असतात.

उघाडीचा_दादूस | ३ नोव्हेंबर, सकाळी ७:५०

पेण-अलिबागच्या खारेपाटात (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत) घरामागच्या तळ्यांत जिताडा पिढ्यानपिढ्या होतोय. ना गोळी, ना पुडी. भरतीला उघाडीतून (बांधाच्या झडपेतून) पिल्लं आत येतात, तळ्यातली कोळंबी आणि बारकी मासळी खातात आणि दोन-तीन किलोचे होतात. कणा वाकडा झालेला जिताडा खारेपाटात कोणी पाहिलाय?

पेंडवाला | ३ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

दादूस, मुद्दा खराच आहे. त्या तळ्यात गुंठ्याला मासे किती असतात ते मोजा, हाताच्या बोटांवर. जिवंत शिकार म्हणजे पूर्ण खाद्य: यकृत, डोळे, आतडं सगळं पोटात जातं आणि क, बी, ई सगळं त्यातच येतं. पिंजऱ्यात घनमीटरला २०–२५ मासे ठेवले की निसर्गाचा वाटा शून्यावर येतो. मग गोळीत जे नाही ते माशाला कुठूनच मिळत नाही. पूरकाची गरज दाटीमुळे उभी राहते.

तळ्यात तिलापिया आधी सोडून, त्याची पिल्लं व्हायला लागल्यावर जिताडा सोडायची पद्धत आहे ती तुमच्याच परंपरेची सुधारलेली आवृत्ती. कमी दाटीला ती उत्तम.

रापण_ओढ | ३ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

चोणकाक तारली बरी लागता, ह्यात वाद नाय. पण तारलीत तीन खोट्या आहेत आणि तिन्ही पावसाळ्यात एकदम वर येतात.

पहिली खोट, थायामिनेज. तारलीच्या कुळातल्या आणि मांदेलीच्या जातकुळीतल्या बऱ्याच माशांत, तसंच काही शिंपल्यांत, बी-१ जीवनसत्त्व फोडणारं हे विकर असतं. रोज नुसती कच्ची तीच मासळी दिली की माशाला बी-१ ची टंचाई होते. खाणं मंदावतं, गिरक्या घेतात, जाळं लागलं की झटके येतात. लोक म्हणतात पाणी खराब. पाणी बरंच असतं.

इथे सगळे करतात ती चूक अशी: तारलीचा खिमा करून त्यात बी-१ ची पावडर कालवायची आणि डबा बर्फात ठेवून दोन दिवस वापरायचा. खिमा केल्यावर विकर मोकळं होतं आणि डब्यात घातलेली पावडरही तेच खातं. खिम्यात घालायची तर किलोला २५ मिलिग्रॅम, आणि कालवल्या कालवल्या पाण्यात. नाहीतर खिमा उकळत्या पाण्याच्या वाफेवर दहा मिनिटं धरा, विकर मरतं, आणि थंड झाल्यावर जीवनसत्त्व घाला. सगळ्यात सोपं म्हणजे आठवड्यातले दोन-तीन दिवस तारली पूर्ण बंद ठेवून गोळी द्या.

दुसरी खोट, खवटपणा. पावसाळ्यानंतरची तारली तेलाने भरलेली असते आणि ते तेल फार लवकर खवटतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून मे महिन्यात भरून ठेवलेला गोठवलेला साठा जुलैत काढला जातो. पोटाकडची बाजू पिवळी-तपकिरी दिसली आणि बोटाला चिकट वास आला की ती तारली चोणकाला नको, माडाच्या आळ्यात घाला. खवट तेल अंगातलं ई संपवतं: मांस सैल, कल्ले फिकट, मासा कारणाशिवाय मरतो. उत्तम साठ्यातही दोन महिन्यांच्या वर ठेवू नये, आणि गोठवलेल्या मासळीवर वाढवायचं तर ई घालायलाच हवं.

तिसरी खोट म्हणजे खिम्याचा चुरा. चावताना बराचसा पाण्यात जातो, आणि भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत पाणी वाहत नाही तेव्हा तो पिंजऱ्याखालीच कुजतो.

मचवा७७ | ३ नोव्हेंबर, दुपारी १२:००

पण स्वस्त तर तारलीच ना? गोळी १३० रुपये किलो, तारली ३०.

पेंडवाला | ३ नोव्हेंबर, दुपारी १२:५५

तुमचेच भाव धरून हिशेब करू. १ किलो जिताडा वाढायला ६ किलो ओली तारली लागते असं धरा. १८० रुपये. गोळीचा एफसीआर (किलोभर वाढीला किती किलो खाद्य) १.६ धरा. २०८ रुपये. तारली स्वस्त. मात्र तारली ३५ रुपये झाली की २१० आणि पारडं फिरतं. बर्फ, खिमा करायची मजुरी आणि जाळी धुण्याचे वाढीव दिवस यात धरलेलेच नाहीत.

यात एक गंमत आहे. तारलीत पाणी साधारण ७२ टक्के. ६ किलोत कोरडा माल १.७ किलो. गोळीत पाणी ९ टक्के, १.६ किलोत कोरडा माल १.४५ किलो. म्हणजे कोरड्यावर बघितलं तर तारली काही वाईट खाद्य नाही, फरक पाव किलोचा. सहा आणि दीड हे आकडे शेजारी ठेवून गोळी विकणारा विक्रेता पाणी मोजत नाही, आणि तारलीवाला चुरा मोजत नाही.

काजूबोंड | ४ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

खाडीतून धरलेली पिल्लं गोळीकडे बघतही नाहीत. त्यांना कसं वळवायचं?

गलबत्या | ४ नोव्हेंबर, सकाळी ८:१०

चेन्नईच्या 'सीबा'ने (केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने) १९९७ मध्ये जिताड्याचं बंदिस्त प्रजनन जमवलं. तेव्हापासून हॅचरीचं बीज हा पर्याय आहे आणि ते बहुधा गोळीला सवयलेलंच येतं. घेताना डोळ्यांदेखत गोळी टाकायला लावा. खाडीतल्या पिल्लांना १० दिवस द्या. पहिले तीन दिवस पाऊण भाग ताजा खिमा, पाव भाग गोळीचा भुगा, दोन्ही मळून लाडूसारखं. मग अर्धं-अर्धं, मग पाव-पाऊण, आणि दहाव्या दिवशी नुसती गोळी, कोमट पाण्यात पाच मिनिटं भिजवून मऊ केलेली. एकाच जागी, एकाच वेळी, आधी पाण्यावर चापटी मारून द्या. शेवटपर्यंत न वळलेली पिल्लं काळपट, डोकं मोठं आणि पोट खपाटीला गेलेली दिसतात. ती वेगळी काढा, नाहीतर वळलेली पिल्लंच त्यांना खाद्य म्हणून वापरतील.

पेंडवाला | ४ नोव्हेंबर, रात्री १०:०५

घरच्या घरी खिमा-यंत्रावर गोळी करणाऱ्यांसाठी १०० किलोचं मिश्रण. मासा १०० ते ५०० ग्रॅमचा. ही गोळी बुडते, तरंगत नाही.

फिशमील (सुक्या मासळीची भुकटी, ६२ टक्के प्रथिनाची) ३८ किलो
सोयापेंड, तेल काढलेली २४ किलो
सुका जवळा, दळून ६ किलो
गव्हाचं ग्लूटेन ४ किलो
मैदा १६.३ किलो
माशाचं तेल ७ किलो
सोया लेसिथिन १ किलो
मोनोकॅल्शियम फॉस्फेट १ किलो
जीवनसत्त्व-खनिज प्रिमिक्स २ किलो
कोलीन क्लोराइड (६० टक्के; बी गटातल्या जीवनसत्त्वासारखं, यकृतासाठी) ३०० ग्रॅम
टॉरिन (अमिनो आम्लासारखं द्रव्य) ३०० ग्रॅम
क, फॉस्फेट स्वरूपातलं (३५ टक्के) ५० ग्रॅम
ई (५० टक्के पावडर) ५० ग्रॅम

प्रथिन ४२–४३ टक्के, चरबी १२ च्या आसपास येते. ऊर्जा किलोला साधारण १९ मेगाज्यूल, म्हणजे वर लिहिलेल्या मेगाज्यूलमागे २२–२३ ग्रॅमच्या जोडीत बसतं.

कृती. कोरडा माल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून गेलाच पाहिजे. फिशमीलमधली हाडाची कणी राहिली की गोळी तिथेच तडकते. फिशमील, सोया, जवळा, ग्लूटेन, मैदा आणि फॉस्फेट ३५ लिटर पाण्यात मळा, मोदकपात्रासारख्या वाफेवर १५–२० मिनिटं ठेवा. मैद्याचं स्टार्च शिजून चिकट होतं, तेच गोळीला धरून ठेवतं, आणि शिजलेलं स्टार्च पचतंही बरं. गोळा फोडून पसरा. हाताला कोमट लागेपर्यंत थांबा. घाई इथेच होते, आणि गरम गोळ्यात पडलेलं क उष्णतेने कमी होतं. मग तेलात लेसिथिन विरघळवून घ्या, प्रिमिक्स, कोलीन, टॉरिन, क आणि ई थोड्या मैद्यात कालवून आधी पाच किलोत मिसळा आणि मग सगळ्यात. ५० ग्रॅम पावडर थेट १०० किलोत टाकली तर एका गोळीत सगळं आणि हजार गोळ्यांत काहीच नाही.

४ मिलिमीटरच्या चकतीतून काढा, सावलीत किंवा ५०–५५ अंशांच्या ड्रायरमध्ये पाणी १० टक्क्यांच्या खाली येईस्तोवर वाळवा. पत्र्यावर उन्हात नको, तेल खवटतं.

तपासायला काचेच्या ग्लासात दहा गोळ्या टाका. दहा मिनिटांत पाणी गढूळ झालं तर स्टार्च शिजलेलं नाही. वर तेलाचा तवंग आला तर तेल माल कोमट व्हायच्या आत घातलंय किंवा भुगा जाड आहे. नखाने दाबल्यावर गोळी मध्ये ओली लागली तर त्या पोत्याला आठवड्यात बुरशी.

वेंगुर्ला_वळण | ५ नोव्हेंबर, सकाळी ९:००

फिशमीलमध्येच घोळ असेल तर हे सगळं वाया. ६२ टक्के प्रथिन लिहिलेलं असतं, पण प्रयोगशाळा नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणते. युरिया मिसळला की नायट्रोजन वाढतो आणि कागदावर प्रथिन वाढतं.

घरची परीक्षा: दोन बाटल्यांत प्रत्येकी दोन चमचे फिशमील आणि कोमट पाणी. एकीत एक चमचा कच्च्या सोयाबीनचं पीठ (न भाजलेलं, न शिजवलेलं). दोन्हींना बूच लावा, अर्ध्या तासाने उघडून वास घ्या. कच्च्या सोयात युरिया फोडणारं विकर असतं, त्यामुळे युरिया असेल तर सोयावाल्या बाटलीतून नाकात झणझणीत अमोनिया येतो. फिशमीलला स्वतःचा थोडा अमोनिया असतोच, म्हणून दुसरी बाटली हवी.

हीच परीक्षा उलटी करून सोयापेंड तपासा. पेंड, कोमट पाणी आणि चिमूटभर युरिया. अमोनिया सुटला तर पेंड नीट शिजलेली नाही, तिच्यात ट्रिप्सिन (प्रथिन पचवणारं विकर) अडवणारं द्रव्य शिल्लक आहे आणि प्रथिन पचणार नाही.

रेतीसाठी: चमचाभर फिशमील पातळ हायड्रोक्लोरिक आम्लात टाका (हातमोजे, मोकळी हवा). शिंपल्याचा चुरा फसफसून विरघळतो, हाडही हळूहळू जातं, रेती तळाला तशीच राहते. बोटभर रेती म्हणजे तुम्ही फिशमीलच्या भावात किनारा विकत घेतलात.

जवळ्याचं मीठ विसरू नका. किनाऱ्यावर रेतीत वाळवलेला जवळा दोन्ही घेऊन येतो, ओट्यावर वाळवलेला घ्या.

पाणथळ | ५ नोव्हेंबर, दुपारी ४:२०

छान चाललंय. आता बाटल्या-पुड्या. एकेक घ्या.

गलबत्या | ५ नोव्हेंबर, रात्री ८:४५

माझी वर्गवारी सरळ आहे: खाद्यात भोक कुठे आहे ते आधी सांगा, मग बुजवायचं बोला.

खाद्य तारली असेल तर भोकं बी-१ आणि ई. घरची गोळी असेल तर क, फॉस्फरस आणि कोलीन. सोया जास्त असेल तर मेथिओनिन (एक अमिनो आम्ल) आणि टॉरिन. टॉरिन वनस्पतीत जवळपास नसतंच, फिशमीलमध्ये असतं. फिशमील ४०–५० टक्के असलेल्या खाद्यात टॉरिन घालणं म्हणजे समुद्रात मीठ टाकणं. फिशमील निम्म्यावर आणलं की मात्र ०.३ ते ०.५ टक्का घालावं. जपानमध्ये यलोटेल माशाला वनस्पतिजन्य खाद्यावर यकृत हिरवं पडायचं, त्याचं मूळ टॉरिनमध्येच सापडलं.

फॉस्फरसचं दुखणं चोरटं. सोयातला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो, माशाला मिळत नाही. जिताड्याला उपलब्ध फॉस्फरस ०.५५ ते ०.६५ टक्के लागतो. कमी पडला की वाढ मंद, हाडं मऊ, जबडा वाकडा. फायटेट फोडणारं फायटेज विकर (किलोला ५०० ते १००० एकक) काम करतं, कारण जिताड्याचं जठर आम्लधर्मी आहे आणि त्या विकराला आम्ल आवडतं. पण वाफेत ते मरतं, गोळी थंड झाल्यावर तेलाबरोबर फवारायचं.

प्रोबायोटिक (बॅसिलस, म्हणजे उपयोगी जिवाणू): पाणी दाट आणि मासा ताणाखाली असेल तर फायदा दिसू शकतो. स्वच्छ वाहत्या खाडीतल्या पिंजऱ्यात पाण्यात ओतलेलं प्रोबायोटिक पुढच्या ओहोटीला समुद्रात जातं, द्यायचं तर खाद्यावर चोळून द्या. बीटा-ग्लुकॅन (यीस्टमधून काढतात ते) वाढीसाठी नव्हे, प्रतिकारासाठी; हाताळणी आणि पहिल्या पावसाआधी दोन-तीन आठवडे, मग बंद. लसूण आणि हळदीमुळे गोळी चवीने खाल्ली जाते हे शक्य आहे, पण ४२ च्या जागी ३४ टक्के प्रथिन दिलेलं खाद्य लसणाने ४२ चं होत नाही.

लेबलवर घटकच नसलेली 'ग्रोथ प्रमोटर' बाटली घेऊ नका. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली प्रतिजैविकं मत्स्यशेतीत बंदी असलेली आहेत आणि त्यांचा अंश सापडला की अख्खा माल परत येतो.

उघाडीचा_दादूस | ५ नोव्हेंबर, रात्री ९:३०

समुद्रात मीठ :) पण एक विचारतो. खाद्य सगळं बरोबर असूनही ऑगस्टमध्ये वाढ थांबते. कुठलं पूरक द्यायचं?

रापण_ओढ | ६ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

कुठलंच नाही. ऑगस्टमध्ये खाडीचं पाणी गोडं आणि चहासारखं गढूळ असतं. गोड्याने चोणकाला फरक पडत नाही, पण तो डोळ्यांनी शिकार करणारा मासा आहे, गढूळात गोळी दिसत नाही. रोजचा मापी डबा तसाच ओतला तर अर्धी गोळी फुकट जाते, आणि वहीत ती 'एफसीआर बिघडला' अशी दिसते.

भरतीचं पाणी चढतं तेव्हा खालून थोडं स्वच्छ पाणी येतं, तेव्हा द्या. मूठ-मूठ टाका, मासे वर येऊन पाणी उकळल्यासारखं करतात तोवरच. उकळी बसली की हात थांबवायचा.

वर्षभरासाठी: उधाणात पाणी वाहतं, पूर्ण खाद्य चालतं. अष्टमी-नवमीच्या भांगात पिंजऱ्यातलं पाणी बसतं, पहाटे प्राणवायू लिटरला ३ मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकतो. त्या दोन-तीन दिवसांत पाव ते तिसरा भाग खाद्य कापा आणि पहाटे देऊच नका. खाल्ल्यावर पचवायलाही प्राणवायू लागतो. डिसेंबर-जानेवारीत पाणी २४ च्या खाली उतरलं की सकाळचं खाद्य अकरानंतर.

काजूबोंड | ६ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

पूरक लागू पडलं की नाही हे ठरवायचं कसं? एका पिंजऱ्यात दिलं, दुसऱ्यात नाही, मासे मोठे झाले, असं सांगणारे बरेच भेटतात.

पेंडवाला | ६ नोव्हेंबर, सकाळी ११:२०

एकास एक पिंजरा म्हणजे पुरावा नव्हे. कडेच्या पिंजऱ्यात पाणी जास्त वाहतं, तो पूरकाशिवायही पुढे जातो. निदान चार लहान पिंजरे घ्या, दोनांत द्या, दोनांत नको, आणि जागा आळीपाळीच्या ठेवा. आकारवारी करून सारख्याच वजनाचे, सारख्याच संख्येचे मासे. सहा ते आठ आठवडे. वजन करण्याच्या आदल्या दिवशी उपाशी ठेवा, नाहीतर पोटातली गोळी मोजली जाते. प्रत्येक पिंजऱ्यातले निदान ३० मासे, जाळ्यात आधी येतील ते नव्हेत. आधी येतात ते धीट आणि मोठे असतात.

वाढीचा दर: शेवटच्या वजनाचा नैसर्गिक लॉग उणे सुरुवातीचा, भागिले दिवस, गुणिले १००. ५० ग्रॅमचा मासा ४५ दिवसांत १२० झाला तर दर १.९५ टक्के. मेलेले मासे रोज वजन करून वहीत लिहा. ते सोडून एफसीआर काढला की तो खोटा वाईट दिसतो, आणि कमी मरतूक हाच त्या पूरकाचा खरा फायदा असेल तर तो कळतच नाही.

वेंगुर्ला_वळण | ६ नोव्हेंबर, दुपारी २:१०

वजनकाट्याबरोबर सुरीही घ्या. प्रत्येक पिंजऱ्यातले तीन मासे चिरा. चांगलं यकृत तांबूस-तपकिरी, कडा धारदार, वजन शरीराच्या दीड-दोन टक्क्यांत. फिकट पिवळं, कडा गोल, बोटाने दाबलं की लोण्यासारखं फुटतं आणि सुरीला तेल लागतं असं असेल तर तीन शक्यता: पीठ जास्त, तेल खवट किंवा कोलीन कमी. पोटात चरबीही दाट असेल तर पीठ किंवा तेल जास्त झालंय. पोट खपाटीला पण यकृत पिवळं असेल तर खवट तेलाचा संशय धरा. वाढीचा दर चांगला असताना यकृत असं निघालं, तर पुढच्या महिन्यात वाकडं काहीतरी येणार असं समजा.

काजूबोंड | ७ नोव्हेंबर, सकाळी ८:००

पेंडवाला, तुमच्या मिश्रणात '६ किलो जवळा' लिहिलंय. बाजारात जो अर्धा-ओला जवळा मिळतो तो ६ किलो घेतला तर चालेल?

पेंडवाला | ७ नोव्हेंबर, सकाळी ८:३५

नाही. मुठीत घेतला की कुरकुरून चुरा होतो तो सुका. अगदी ताजा ओला घ्यायचा तर २५ किलोच्या आसपास लागेल आणि त्यातलं जास्तीचं पाणी मळण्याच्या ३५ लिटरमधून वजा करावं लागेल. आणि माझ्याच यादीत एक दुरुस्ती: २ किलो प्रिमिक्सच्या पाकिटावर क आणि ई आधीच लिहिलेलं असेल तर ते बघून मग वेगळं घाला. फक्त क साध्या अ‍ॅस्कॉर्बिक स्वरूपात लिहिलं असेल तर ते नाहीच असं धरा आणि ५० ग्रॅम तसेच ठेवा.